बारा शनिवार आणि एक रिकामी वाटी

जानेवारी 2024 मध्ये आमच्या ऑफिसातल्या, माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मॅडमची आई गेली. दहावं-तेरावं उरकून त्या कामावर आल्या, त्या दिवशी डबा खाताना त्यांनी मला विचारलं, "तुझी आई गेली तेव्हा तुम्ही काय केलंत गं? तुमच्यात दहावं नाही, पिंड नाही. मग मनाला बरं कशाने वाटतं?"

मी म्हणाले, "आमच्यात प्रार्थना करतात." आणि कोशिंबिरीचा डबा पुढे सरकवला.

मी तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. नगरला वाढले, 1831 पासून इथे मिशनचं ठाणं आहे. संडे स्कूलमध्ये पाठांतराची बक्षिसं मिळवली, 'उपासना संगीत'मधली निम्मी गाणी तोंडपाठ. आणि कोणी साधा, मनापासूनचा प्रश्न विचारला तर माझ्याकडे काकडी होती. हे मला पुढचे चार महिने सलत राहिलं.

5 मे 2024च्या रविवारी उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये पाळकसाहेबांनी वाचून दाखवलं: 'शास्त्रातील साक्षीदार' (म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल दुसऱ्याला सांगणारी बायबलमधली माणसं) या विषयावर बारा शनिवारांचा वर्ग, 8 जूनपासून, दुपारी चार ते सहा, अर्ज 31 मेपर्यंत. मी घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "तू? तू तर दारावर सेल्समन आला तरी आतल्या खोलीत जातेस." खरं होतं.

अर्जाची गंमत आधी सांगते, कारण तिथेच बरेच जण गळतात. अर्ज 20 रुपये, वर्गाची फी 750 (चहा आणि झेरॉक्सच्या टाचण मारलेल्या वह्या धरून), पासपोर्ट साइजचे दोन फोटो, पाळकांचं शिफारसपत्र आणि बाप्तिस्म्याचा दाखला. शिफारसपत्रासाठी वर्गणीची पावती लागते. माझी चौदा महिन्यांची वर्गणी थकलेली! महिना शंभरप्रमाणे 1400 रुपये मुकाट्याने भरले. खजिनदारकाकांनी पावती फाडताना चष्म्यावरून बघितलं, बोलले काही नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

दाखल्याचं प्रकरण त्याहून लांबलं. माझा बाप्तिस्मा आजोळी, नेवासा तालुक्यातल्या एका छोट्या मंडळीत झालेला. फोन केला तर कळलं, तिथल्या पाळकांची बदली झाली आहे, नवीन अजून रुजू व्हायचे आहेत, आणि रजिस्टरच्या कपाटाची किल्ली मंडळीतल्या एका आजींकडे आहे. त्या लेकीकडे पुण्याला. दोन आठवडे गेले. शेवटी 25 मेला एसटीने गेले (बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच आधार). आजींनी कपाट उघडलं. रजिस्टरला कसर लागलेली, पण माझं पान शाबूत होतं. फक्त वडिलांच्या नावात एक काना कमी. दुरुस्तीसाठी नवीन पाळक येईपर्यंत थांबावं लागणार होतं, म्हणून आमच्या पाळकांनी अर्जावर 'दाखला नंतर सादर करणार' असा शेरा मारून सही केली. तुमचा बाप्तिस्मा दुसऱ्या गावी झाला असेल तर असा वर्ग असो की लग्न, दाखल्याची प्रत आजच काढून ठेवा. आणि काना-मात्रा तिथेच उभ्या उभ्या तपासा.

पहिल्या शनिवारी आम्ही एकोणीस जण होतो. शिकवणारे सर निवृत्त शाळामास्तर, आवाज बारीक, खडूने बोटं पांढरी. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "साक्ष म्हटलं की कोण आठवतं?" सगळ्यांनी पौल, पेत्र अशी मोठी नावं घेतली. सरांनी फळ्यावर लिहिलं: 'एक मुलगी. नाव नाही.' 2 राजे, पाचवा अध्याय. अरामी लोकांनी धरून नेलेली इस्राएली पोर, सेनापती नामानाच्या बायकोच्या हाताखाली कामाला. धन्याला कोड. ती मालकिणीला एवढंच म्हणते की, धनी शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे गेले असते तर बरे झाले असते. एक वाक्य. तेही ज्यांनी तिला घरातून उचलून आणलं त्यांच्याच भल्यासाठी. पुढचं सगळं, रथ, घोडे, यार्देन नदीतल्या सात बुड्या, त्या एका वाक्यावर उभं आहे. नंतर ती गोष्टीत पुन्हा दिसतच नाही.

मला त्या दिवशी घरी जाताना हलकं वाटलं. एक वाक्य जमण्यासारखं होतं.

दुसरा आणि तिसरा शनिवार योहानाच्या चौथ्या अध्यायावर गेला. याकोबाची विहीर, भर दुपार, तिथे बसलेला येशू आणि पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई (यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत). ही गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली असेल, पण सरांनी ती वेगळीच उकलली. ते म्हणाले, "प्रभूचं पहिलं वाक्य कोणतं? 'मला प्यायला पाणी दे.' म्हणजे तो आधी मागतो. यहुदी पुरुष शोमरोनी बाईच्या भांड्यातून पाणी मागतो, म्हणजे काय, ते आपल्या गावातल्या पाणवठ्यांचा इतिहास माहीत असलेल्याला समजावून सांगायला नको." वर्गात एकदम शांतता. आमच्यातल्या अनेकांच्या आज्या-पणज्यांना त्या पाणवठ्यांवर उभं राहू दिलेलं नव्हतं.

मग ती बाई घागर तिथेच टाकून नगरात जाते. (मराठी शास्त्रात 'नगरात' असंच आहे, आम्ही नगरकर या ओळीला दरवेळी हसतो.) आणि लोकांना काय सांगते? माझ्या आयुष्यातलं सगळं ज्याने सांगितलं तो माणूस बघायला चला. हाच ख्रिस्त असेल काय? तिची साक्ष प्रश्नचिन्हाने संपते. तिची स्वतःचीच अजून पुरती खात्री झालेली नाही, तरी ती बोलली, आणि गाव विहिरीवर आलं.

इथे सरांनी पंडिता रमाबाईंची आठवण सांगितली. केडगावच्या मुक्ती मिशनच्या रमाबाई (आपल्या नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं), ज्यांनी पुढे अख्खं पवित्र शास्त्र मूळ भाषांवरून मराठीत आणलं. इंग्लंडमध्ये असताना त्यांनी वाट चुकलेल्या बायकांसाठी चालवलेलं एक घर पाहिलं आणि सोबतच्या सिस्टरना विचारलं, या बायकांची एवढी काळजी तुम्ही का करता? त्यावर सिस्टरांनी त्यांना हीच शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. 1883 साली रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. सर म्हणाले, "बघा, प्रश्न रमाबाईंचा होता. सिस्टरांनी फक्त उत्तर दिलं, आणि तेही काम आधी चालू होतं म्हणून."

मी वहीत लिहिलं: आधी काम, मग प्रश्न, मग उत्तर. आणि पुढच्याच महिन्यात हा क्रम पार उलटा केला.

त्याचं असं झालं. जूनच्या अखेरीस आम्हाला गृहपाठ मिळाला: ओळखीच्या एका माणसाला एक प्रश्न विचारायचा आणि पंधरा मिनिटं नुसतं ऐकायचं. येशूचं नाव काढायचं नाही. मी भाजीवाल्या मावशींना विचारलं, "सकाळी कितीला उठता?" आणि वीस मिनिटांत त्यांच्या तीन मुली, गहाण पडलेली जमीन आणि गुडघा, सगळं कळलं. गृहपाठ झकास झाला. त्यामुळे माझ्यात भलताच जोर आला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या. त्यांचा मुलगा परीक्षेत नापास झाला होता, चार दिवस धड जेवत नव्हता. मी त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. म्हणाले, "काकू, येशूकडे मागा, सगळं ठीक होईल बघा. मी सांगते ना."

काकू "बरं" म्हणाल्या.

आमच्या दोन घरांत अठरा वर्षं वाटीची देवाणघेवाण आहे. त्यांची पुरणपोळी, आमच्या नाताळच्या करंज्या. त्या आठवड्यात मी शिऱ्याची वाटी पाठवली होती. ती परत आली. घासलेली, पुसलेली, रिकामी. आपल्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी ती ओट्यावर ठेवून बराच वेळ बघत बसले.

शनिवारी वर्गात सांगावं की नाही, ठरत नव्हतं. त्यातून त्या दिवशी पंढरपूरला निघालेल्या दिंड्यांमुळे रस्ते अडलेले, रिक्षा चौकात पाऊण तास थांबली. टाळ वाजवत माणसं चालली होती. त्यांना कोणाला पटवायचं होतं असं काही दिसत नव्हतं. मी वर्गात पोचले तेव्हा चहा झाला होता, आणि सांगून टाकलं. सर रागावले नाहीत. त्यांनी प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय काढायला सांगितला.

फिलिप्प, सुरुवातीच्या काळातला एक प्रचारक. शोमरोनात गर्दी जमलेली, काम जोरात, आणि त्याला आज्ञा होते ती यरुशलेमेहून गज्जाकडे जाणाऱ्या ओसाड वाटेवर जाण्याची. तिथे रथात बसून कांदके राणीचा खजिनदार, कूशी (आफ्रिकेतल्या कूश देशाचा) माणूस, यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय. सरांनी आम्हाला फिलिप्पाची क्रियापदं मोजायला लावली. तो धावतो. ऐकतो. विचारतो: आपण वाचता ते आपल्याला समजते काय? आमंत्रण आल्यावरच रथात चढतो. शेजारी बसतो. आणि जो उतारा त्या माणसाच्या हातात आहे तिथूनच सुरुवात करतो. "तू काकूंच्या रथात आमंत्रणाशिवाय चढलीस," सर म्हणाले. "आणि उतारा तुझा होता, त्यांचा नव्हता. त्यांचा उतारा होता, पोरगा जेवत नाही."

दुसरी गोष्ट त्यांनी हळू आवाजात सांगितली. सगळं ठीक होईल, हे वचन द्यायचा अधिकार मला कोणी दिला होता? शास्त्रात ते मुळी त्या शब्दांत कुठे आहे?

कवी नारायण वामन टिळकांचंच बघा. त्यांना 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक अनोळखी गोरा प्रवासी भेटला. गप्पा झाल्या, कवितेवर बोलणं झालं, आणि त्याने नव्या कराराची प्रत त्यांना दिली. टिळकांचा बाप्तिस्मा झाला 10 फेब्रुवारी 1895 ला, मुंबईत. मधली दोन वर्षं तो प्रवासी काही त्यांच्या मागे लागलेला नव्हता. फिलिप्पही खजिनदाराच्या मागे कूश देशापर्यंत गेला नाही. ही गोष्ट मला तेव्हापासून फार धीर देते.

मी काकूंकडे गेले आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अगं त्यात काय," पण बसायला सांगितलं नाही. ऑगस्टच्या मध्यावर वाटीतून नारळाच्या वड्या आल्या, तेव्हा जीव भांड्यात पडला.

मधले दोन-तीन शनिवार भराभर गेले. एका शनिवारी मंडळीतले वकीलसाहेब येऊन गेले. राज्यघटनेचं कलम 25 धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं, पण 1977 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की, 'प्रसार' म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. त्यांच्या सूचना सोप्या होत्या: पैसा, नोकरी, औषधपाणी यांच्याशी विश्वासाचं बोलणं कधीही जोडू नका, दुसऱ्याच्या लहान मुलांशी आईबापांच्या माघारी या विषयावर बोलू नका, सरकारी नोकरीत असाल तर टेबलावर बसून नाही, आणि हाताखालच्या माणसाशी तर नाहीच. शेवटची मी दोनदा अधोरेखित केली. नंतर वाटलं, याला कायदा कशाला हवा, एवढी लाज माणसाला असावीच.

पौलाचं अथेनैतलं (अथेन्समधलं) भाषण (कृत्ये 17) एका तरुण मुलाने वर्गापुढे वाचलं. मूर्ती बघून पौलाचा आत्मा खवळतो असं आधी लिहिलंय, पण तोंड उघडतो तेव्हा तो त्यांच्या धर्मनिष्ठेची दखल घेतो आणि त्यांच्याच कवींची ओळ वापरतो. चीड आणि पहिलं वाक्य यांच्यामध्ये त्याने काय केलं असेल? मला वाटतं, शहरभर फिरून नीट बघितलं, कारण 'अज्ञात देवाला' असं लिहिलेली वेदी घाईत दिसणाऱ्यातली नाही. आणि परिणाम? काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा ऐकू, थोड्यांनी विश्वास ठेवला. पौलाला एवढंच यश, तर आपण कोण.

शेवटचे तीन शनिवार स्वतःची साक्ष लिहिण्याचे. नमुना पौलाचाच, अग्रिप्पा राजापुढचा (कृत्ये 26): आधी मी कसा होतो, काय घडलं, नंतर काय. ए-फोर कागदाची एक बाजू, वाचायला तीन मिनिटं. आणि एक अट: चर्चमध्येच कळतात असे शब्द बंद. तारण, कृपा, अभिषेक, आशीर्वादित, 'प्रभूने माझ्या हृदयात काम केले', सगळं बंद. माझा पहिला मसुदा साडेसहा मिनिटांचा झाला आणि 'आशीर्वाद' त्यात अकरा वेळा. सरांच्या लाल शाईने कागद गोवर आल्यासारखा दिसत होता.

माझी खरी अडचण वेगळी होती. माझ्या आयुष्यात दारू नाही, तुरुंग नाही, पौलाला दिमिष्काच्या रस्त्यावर झालं तसं एकदम बदलणं नाही. 'आधी' काय लिहू? जन्मल्यापासून चर्चमध्येच आहे. सरांना तसं म्हणाले, तर त्यांनी योहान 9 वाचायला दिला.

जन्मांध माणसाला दृष्टी येते. परूशी, म्हणजे यहुदी धर्मपुढारी, आईबापांना चौकशीला बोलावतात. सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या भीतीने ते म्हणतात, तो वयात आलेला आहे, त्याला विचारा. (कोशिंबीर सरकवणारे माझे पूर्वज हेच.) मग मुलालाच पुन्हा धरतात: तो येशू पापी आहे, कबूल कर. त्यावर तो म्हणतो, तो पापी आहे किंवा नाही हे मला ठाऊक नाही. मला एवढे ठाऊक आहे की, मी आंधळा होतो आणि आता मला दिसते.

'मला ठाऊक नाही.' शास्त्रातल्या इतक्या मोठ्या साक्षीत हे शब्द आहेत, आणि मी चाळीस वर्षं गप्प बसले ते याच भीतीने, की मला सगळं ठाऊक नाही.

मग मी लिहिलं ते एवढंच. एप्रिल 2021, माझी आई कोविडने गेली. दफनाला आम्ही पाचच माणसं. त्यानंतर दीड वर्ष मी उपासनेत बसत होते, ओठ हलवत होते, पण प्रार्थना केली नाही. देवाशी अबोला होता. एके रात्री झोप येईना म्हणून स्तोत्रं चाळताना 88वं स्तोत्र लागलं. ते अंधारावरच संपतं. शेवटी 'तरीही' वगैरे काही नाही. असं बोललेलं देवाला चालतं तर! मग काही दिवसांनी योहान 11. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी दोनच शब्द: येशू रडला. चार मिनिटांनी त्याला उठवणार आहे हे माहीत असून रडला. माझा अबोला तिथे सुटला. आई परत आली नाही, माझे सगळे प्रश्न सुटले नाहीत, पण मी पुन्हा बोलू लागले.

24 ऑगस्टला वर्ग संपला, 1 सप्टेंबरच्या उपासनेत मी हे वाचलं. तीन मिनिटं दहा सेकंद. पाय लटपटत होते, मधे एकदा ओळ चुकली. नंतर खजिनदारकाका जवळ आले, "सलाम" म्हणाले आणि बराच वेळ हात धरून उभे राहिले. त्यांची बायको 2021च्या त्याच एप्रिलमध्ये गेली होती, हे मला ठाऊकच नव्हतं. प्रमाणपत्र नोव्हेंबरमध्ये मिळालं. वडिलांच्या नावात काना यावेळी जास्त.

पण प्रमाणपत्राआधीच परीक्षा होऊन गेली. सप्टेंबरच्या शेवटी पितृपंधरवडा चालू होता. डबा खाताना मॅडम एकदम म्हणाल्या, "आईच्या दहाव्याला कावळा शिवतच नव्हता गं. दीड तास उन्हात उभे. शेवटी दादाने डोळे मिटून काहीतरी कबूल केलं, तेव्हा शिवला. काय कबूल केलं ते अजून सांगत नाही. तेवढंच डोक्यात बसलंय, आईचं काय राहिलं होतं?" मी काही बोलले नाही. त्या बोलत राहिल्या: आई, तिची औषधं, शेवटच्या आठवड्यात झालेलं भांडण. मग थांबून म्हणाल्या, "तुमच्यात कळतं कसं? गेलेलं माणूस समाधानात आहे म्हणून?"

"कळायची खूण अशी काही नाही मॅडम," मी म्हणाले. "मला ठाऊक नाही. मला काय झालं तेवढं सांगू का?"

"सांग की."

सांगितलं. पाच माणसं, दीड वर्षाचा अबोला, लाजराची कबर. तीन मिनिटांपेक्षा जास्तच लागली असतील. त्यांच्या हातातला घास तसाच होता.

"देव रडला?"

"हो."

"आणि लगेच उठवणार होता त्याला?"

"हो."

"मग रडला कशाला?"

मी तोंड उघडलं, मिटलं. "ते मला अजून नीट ठाऊक नाही," मी म्हणाले. तेवढ्यात शिपाई सांगत आला की साहेब आलेत. मॅडमनी डब्याचं झाकण लावलं आणि उठता उठता म्हणाल्या, "उद्या मी थालीपीठ आणते, तू काही आणू नकोस."